टपरीवरची सोबत

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्याने लोकांना काही सांगू धजावे, हे मलाच धाडसाचे वाटते. वाचकांनी क्षमा करावी. विषयही थोर नाही. मी सिगारेट कशी सोडली, एवढाच आहे.

महाविद्यालयात शिकवताना मी तासभर बोलू शके. वर्गाबाहेर मात्र दोन वाक्यांत माझे शब्द संपत. सिगारेट ओढणाऱ्याला गप्प उभे राहण्याची मुभा असते. निवृत्तीनंतर सावेडी उपनगरातील टपरीवर असाच गप्प उभा असताना एका गृहस्थांनी काडी मागितली. ते घोडेगावकडचे शेतकरी. नातवंडांच्या शाळेसाठी मुलाकडे राहायला आलेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही सोबतच ओढू लागलो. या शहरात मला तेवढाच मित्र होता.

छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सिगारेट बंद करण्यास बजावले, तेव्हा हा मित्र दुरावेल याचीच धास्ती मला अधिक वाटली. लवंग चघळली, बडीशेप खाल्ली, खिशात पाकीट ठेवणे थांबवले. दिवस निभावून जाई. संध्याकाळी टपरीवर गेलो की सारे फिसकटे. शेवटी मी तिकडे जाणेच सोडले. काही दिवसांनी ते घरी आले.

"काय सर, राग आला व्हय आमचा?"

मी कारण सांगितले.

"हात्तिच्या! मग तंबाकू मळा की. धूर न्हाई, काय न्हाई."

सिगारेट सोडायची तर तंबाखू धरायची, हा आमच्याकडचा सर्वमान्य उपाय. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी चिमूट ओठाखाली धरली. लगेच उचकी लागली, ती काही थांबेना. पाणी घेऊन आलेली पत्नी मला म्हणाली, "छान! एक घालवायचं आणि दुसरं घरात आणायचं."

"चुकलं वहिनी आमचं," म्हणत त्यांनी पुडी खिशात घातली.

थंडीत त्यांनी मला शेतावर हुरडा खायला नेले. आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे तोंडात टाकायचे. हात आणि तोंड दोन्ही गुंतलेले. परतताना माझ्या लक्षात आले, दुपारभर सिगारेटची आठवणच झाली नव्हती. हुरड्याचे दिवस सरल्यावर मी खिशात भुईमुगाच्या शेंगा घेऊन टपरीवर जाऊ लागलो. सोलत उभा राहतो. तल्लफ अजूनही येते. ओढलेली मात्र नाही.

त्यांची सुटलेली नाही. माझ्याजवळ ओढायची नाही म्हणून ते रस्ता ओलांडून जातात.

"सर, तुमी हिकडं येऊ नका बरं का!" असे पलीकडून ओरडतात.

अलीकडे ते परत येतात तेव्हा खोकत असतात. त्यांनाही सोडायला सांगावे, असे रोज मनात येते. पण मी सांगितले आणि ते येईनासेच झाले तर, या भीतीने मी शेंगा पुढे करतो आणि पाऊसपाण्याविषयी बोलतो. आपण माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?