चौथं बटण

माझी बायको गेली त्या दुपारी तिला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

वैशाख होता. आमच्या गारखेड्याच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, उन्हाळ्यात दहाव्या. अजून तीन दिवस होते. ती जेवून आडवी झाली. चारला मी चहा ठेवला, हाक मारली, ती उठली नाय. एवढंच झालं. कण्हली नाय, काय नाय.

गल्लीतल्या बायका आल्या. एकीनं दारात तीन दगडं मांडून चूल पेटवली, दुसरी ड्रमकडं गेली. झाकण उघडून आत बघितलं अन तसंच परत लावलं. मला म्हणाली, "भाऊजी, तळाला गाळ हाय नुसता." शेजारणींच्या घरीबी तीच गत. जी ती आपापल्या घरात जाऊन बघून आली, कुणी कळशी आणली, कुणी अर्धी बादली. त्यात माणूस न्हाऊ घालता येत नाय.

मी खाजगी टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळी. मग नाइलाजानं मी त्या माणसाला फोन लावला.

तो म्हणजे आमचा नगरसेवक. तेव्हा माजी होता, कारण लई वर्षं निवडणूकच झाली नव्हती, पण गल्लीत सगळे त्याला नगरसेवकच म्हणायचे. त्याचा नंबर घरोघरी असतो. त्यानं दुसऱ्याच घंटीला उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसा. पाणी निघालं समजा."

वीस मिनिटात टँकर दारात. पोरगा शेंद्र्याच्या कंपनीतून यायच्या आत.

टँकरला पाइप लावला, दोन हंडे भरून चुलीवर चढवले. बाकीचं पाणी कोण सोडणार? बायका आपापली भांडी घेऊन आल्या. आत माझी बायको पडलेली अन बाहेर ओळीनं हंडे, बादल्या, पातेली, एकीनं तर कुकर आणला होता. हळू आवाजात भांडणं चाललेली, "माझा नंबर होता गं." मला राग नाय आला. तीसुद्धा असतीच त्या ओळीत, अन सगळ्यात पुढं असती.

मग तो स्वतः आला. पायातलं काढून आला. तिरडी उचलली तेव्हा पुढच्या बाजूला, उजवा खांदा त्यानं दिला, पार पिठाच्या गिरणीपर्यंत. घामानं त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता, ते मला अजून दिसतं. मी मागं होतो.

आता तिचं सांगतो. माझ्या बायकोला हा माणूस डोळ्यांसमोर नको होता.

मी शहागंजला भांड्याच्या दुकानात अडतीस वर्षं कामाला होतो. आधी तांब्या-पितळेचे हंडे, मग स्टील, मग प्लास्टिकचे ड्रम अन टाक्या. पाणी जेवढं लांबत गेलं तेवढा माल जास्त खपत गेला. ती म्हणायची, "तुमची अन त्या नगरसेवकाची भागीदारी हाय वाटतं." त्यानं पहिल्यांदा मतं मागितली तेव्हा पाणी दिवसाआड यायचं. दर खेपेला तो म्हणायचा, पुढच्या वर्षी रोज. दर खेपेला एक दिवस वाढला. नळाची वेळ पहाटेची असली की ही पहाटे उठायची, दुपारची असली की जेवण तसंच ठेवायची. तिची कंबर त्यातच गेली.

एकदा ती एकटीच रिकामा हंडा घेऊन त्याच्या घरी गेली. त्याच्या ओट्यावर हंडा ठेवला अन म्हणाली, "भरून द्या, मग जाते." त्यानं आतून भरून आणला, हसत, स्वतःच्या हातानं. वर म्हणाला, "मावशी, आपलंच घर हाय." ती तो हंडा घेऊन चौकापर्यंत आली अन गटारीत ओतला. घरी येऊन मला म्हणाली,

"ऐकलं का. ह्या माणसाला तुम्ही मत दिलं तर तुमच्या हातचं पाणी मी पिणार नाय."

"बरं."

"बरं नाय. मेल्यावर बी पिणार नाय."

"मेल्यावर कोण पाणी पितं गं?"

"मी पिईन. मला तहान लई हाय," म्हणाली अन स्वतःच हसली.

तुमच्या हातचं पाणी, हे ती उगाच म्हणाली नव्हती. आमच्यात एक रीत होती. नळ आला की सगळं भरायच्या आधी पहिला तांब्या मी भरायचो अन तिला द्यायचो. ती उभ्यानंच पिऊन घ्यायची, मग कामाला लागायची. त्याला दुसरं काय नाव नव्हतं. लग्नापासून तसंच होतं.

मी तिला शब्द दिला होता. मलाबी तो माणूस पटत नव्हता. चहाच्या टपरीवर त्याला सगळ्यात जास्त शिव्या मीच घालायचो.

ती गेल्यावर दहाव्याला कावळा लगेच शिवला. पोरगा म्हणाला, "दादा, आईचं मन कशात अडकलं नव्हतं." मी मान हलवली. त्या दिवसापासून मी ओट्यावर, ती बसायची त्या कोपऱ्यात, सकाळी भरला तांब्या ठेवायला लागलो. संध्याकाळी डाव्या हाताचं बोट बुडवून बघायचो. बोटाचं एक पेर पाणी कमी झालेलं असायचं. ऊन होतं, पाखरं होती, मला काय कळत नाय असं नाय. चौथीपर्यंत शिकलो असलो तरी पाणी आटतं एवढं ठाऊक हाय. पण कमी व्हायचं, अन मला बरं वाटायचं.

थंडीत निवडणूक लागली. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारा आला अन दोन चिठ्ठ्या देऊन गेला. एक माझी, एक तिची. यादीत ती होती तशीच होती, माझ्या खालच्या नंबरावर. दोन-तीन दिवसांनी तो स्वतः हात जोडत आला. मागं माणसं, ढोल. माझ्या पाया पडला अन म्हणाला,

"काका, दोन्ही मतं धरलीत बरं का. मावशी कुठं हायत? बऱ्या हायत ना?"

मागच्या एकानं त्याच्या कानाला तोंड लावलं. त्याचा चेहरा उतरला. "व्हय व्हय. काका, माफ करा. लई माणसं असतात." अन पुढच्या दारात गेला.

ज्यानं तिला गिरणीपर्यंत नेलं, त्यालाच ती मेल्याचं ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, ह्याला मत नाय. ठरवलं म्हणजे पक्कं ठरवलं.

शाळेत मतदान होतं. डाव्या हाताच्या त्याच बोटाला शाई लावली. ह्या खेपेला चार मतं होती, मशीनवर चार रंगांचे कागद, एका प्रभागाचे चार जण निवडायचे. तिघांना मी तिच्या मनाप्रमाणं दिली, दुसऱ्या बाजूला. चौथ्या कागदावर तो होता. मी म्हणालो, इथं कुणालाच नको, अन निघालो.

टेबलावरची बाई ओरडली, "आजोबा, थांबा! मशीन वाजलं नाही. चारही दाबल्याशिवाय ते वाजत नाही."

"मला नाय द्यायचं चौथं."

"मग सगळ्यात खालचं बटण दाबा. कुणीही नाही, असं. पण दाबावं लागतं."

मी परत पुठ्ठ्याच्या आड गेलो. सगळ्यात खालचं बटण मला दिसत होतं. बोट तिथंच न्यायचं होतं. अन मला ते दोन हंडे दिसले, चुलीवरचे, वाफ निघणारे. तिचे केस धुतले ते पाणी. त्या दुपारी मी किती जणांची नावं मनात घेतली होती, ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं मतं दिली, ज्यांचे विचार आम्हाला पटायचे. त्यातल्या एकाचाही नंबर माझ्याकडं नव्हता. तहान त्यानंच लावली हे मला ठाऊक होतं. पण ती तशीच, घामेजल्या अंगानं गेली नाय, हेबी त्याच्यामुळंच. तो विसरला. मला विसरता येत नव्हतं.

बाहेर बाई म्हणाली, "झालं का आजोबा?"

मी त्याचं बटण दाबलं. मशीन वाजलं. लई लांब वाजलं.

हे मी कुणाला सांगितलं नाय. पोरगा म्हणतो, लोक अडाणी, स्वतःच्याच पायावर धोंडा घालून घेतात. मी ऐकून घेतो. लोक म्हणजे मीच की.

घरी आलो, तांब्या भरून ठेवला. संध्याकाळी बोट बुडवलं. पाणी काठोकाठ. दुसऱ्या दिवशीबी काठोकाठ. थंडीत पाणी कमी आटतं, हे मी स्वतःला रोज सांगतो. ओट्यावर ऊनही येईना झालंय, समोर मजले चढलेत. पण मशीन वाजायच्या आदल्या दिवशीबी थंडीच होती, अन तेव्हा कमी झालं होतं.

तो निवडून आला. काल नळ आला, नवव्या दिवशी. ड्रम लावायच्या आधी मी पहिला तांब्या भरला, कोपऱ्यात ठेवला अन म्हणालो, "अगं, तीन बटणं तुझीच दाबली. चौथं तुझ्या आंघोळीचं होतं." मोठ्यानं म्हणालो. शेजारीण बघत होती, बघू दे.

संध्याकाळी तांब्याजवळ गेलो. डाव्या बोटाच्या नखावर शाई अजून हाय, काळी, नख वाढतंय तशी वर सरकतेय. ते बोट तिच्या पाण्यात घालवेना. उजव्या हाताचं बुडवलं. त्या बोटाला अंदाज नाय. पाणी कमी झालं का नाय, मला कळलं नाय.