राखीव क्रमांक एक

राखीव खेळाडूला कसं बोलावतात ते आधी सांगतो, कारण मी जे केलं ते त्या पद्धतीच्या आडोशानेच केलं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाचा संघ निवडला की प्रत्येक गटात निवड झालेल्यांच्या खाली आणखी दोन नावं असायची. राखीव एक, राखीव दोन. वरच्या कुणाचा पाय मुरगळला, परीक्षा आली, तर आधी राखीव एकला विचारायचं. त्याला जमत नसेल तर राखीव दोनला. क्रम गुणांवर ठरलेला, त्यात कुणाची लुडबुड चालत नसे. मात्र विचारणा थेट खेळाडूकडे होत नसे. संघटनेचा फोन जिल्हा सचिवाला यायचा. त्याने घरच्यांना विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पासपोर्टच्या नंबरासह लेखी होकार फॅक्स करायचा. होकार आला नाही तर पुढचं नाव. घरच्यांना खरंच विचारलं का, हे कुणी तपासत नसे.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आमच्या जिल्ह्याच्या स्केटिंग संघटनेचा सचिव मी होतो. भिवंडीतल्या एका शाळेत मी लेखनिक. संघटना म्हणजे माझ्या कपाटातला एक कप्पा, एक शिक्का आणि एक फाइल. आमचं फिगर स्केटिंग चाकांवरचं. जमिनीवर आखलेल्या वर्तुळावरून एका पायावर फिरायचं. चाक रेघेवरून किती सरकलं ते परीक्षक वाकून बघतात. त्याला गुळगुळीत जमीन लागते, आणि तशी जमीन आमच्याकडे एकाच ठिकाणी होती. मानकोलीच्या गोदामांत.

त्यातल्या एका गोदामाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असत, त्याचीच मुलगी आमची सर्वांत चांगली स्केटर. गोदाम उभं होतं ते त्यांच्याच जुन्या भातशेतीवर. एका कंपनीचा माल गेला आणि दुसरीचा यायचा असला की मधले आठ-दहा दिवस तो मला निरोप धाडायचा, "मास्तर, खाली झालाय." मी मास्तर नव्हतो, पण तो मला मास्तरच म्हणायचा. मग दोरी आणि खडू घेऊन तो स्वतः वर्तुळं काढायचा. दोरीचं एक टोक अंगठ्याखाली दाबून धरायची त्याची मुलगी. माल आला की खोकी त्या वर्तुळांवर रचली जात, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आखणी.

ती चौदा वर्षांची असताना आशियाई स्पर्धेच्या यादीत तिचं नाव आलं. राखीव क्रमांक एक. बाप शाळेच्या ऑफिसात आला, चपला बाहेर काढून.

"राखीव म्हंजे जायाचा का न्हाय, मास्तर?"

"नावापुरतं असतं हो. मिळालेली जागा कोण सोडतं?"

"मंग पासपोर्ट काडायचा का?"

"कशाला ठाण्याला खेपा घालता उगाच?"

तो बरं म्हणाला आणि गेला. त्याच वेळी माझ्या टेबलाच्या खणात संघटनेचं परिपत्रक होतं. राखीव खेळाडूंनीही पासपोर्ट तयार ठेवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. 'मिळाले' म्हणून खाली माझी सही होती. मी ते का दडवलं? त्या मुलीचं नाव जन्मदाखल्यात एक आणि शाळेत दुसरंच होतं. प्रतिज्ञापत्र, फॉर्म, पोलिसांची चौकशी, हे सगळं माझ्याच गळ्यात पडणार होतं. माझे चार-पाच दिवस गेले असते. दुसरं कारण शोधायचा मी वर्षानुवर्षं प्रयत्न केला, निदान थोडं मोठं वाटेल असं. सापडलं नाही.

महिन्याभराने, शाळा भरलेली असताना फोन आला. वरच्या मुलीचं मनगट मोडलं होतं.

"तुमची मुलगी राखीव एक. उद्या पाचपर्यंत फॅक्स करा. पासपोर्ट आहे ना?"

पासपोर्ट नाही, कारण मी त्यांना सांगितलंच नाही. एवढंच वाक्य बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "घरचे पाठवायला तयार नाहीत हो."

"अरेरे. मुलीची जात, खेड्यातली माणसं. समजू शकतो. मग दोन नंबरला लावतो फोन."

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मला सुटल्यासारखं झालं, हे लिहायला हवं. त्या गृहस्थाने त्या बापाला कधी पाहिलंही नव्हतं, तरी माझं खोटं त्याला लगेच पटलं. आणि ते पटेल हे मला माहीत होतं, म्हणूनच मी नेमकं तेच उचललं. स्पर्धेला अजून पाच आठवडे होते. त्याच दुपारी मनात आलं की परत फोन करून खरं सांगावं, धावपळ करून पासपोर्ट होईलही. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत फोन माझ्या हाताजवळ होता. मी हजेरीपटांना कव्हरं घालत बसलो.

बापाला सांगितलं, "वरच्या लोकांनी परस्पर दोन नंबरची मुलगी घेतली."

"वरची मान्सा," तो म्हणाला. "तुमी तरी एकट्यानं किती भांडाल?"

त्या रविवारी तो घरी आला, खाडीत मिळालेला जिताडा घेऊन. बायकोला म्हणाला, "वयनी, मास्तरांनी आमच्यासाठी लय केला." आम्ही तो मासा खाल्ला. मी दोनदा वाढून घेतला; नाही घेतला असता तर बायकोने कारण विचारलं असतं.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेला आम्ही तिघं गेलो होतो. ती मुलगी बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या बांधत होती. तेवढ्यात फोनवरचे ते गृहस्थ आले, आणि हा मुलीचा बाप असं कळताच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, गेल्या वर्षी तुम्ही मुलीला पाठवलं नाहीत. सोन्यासारखी संधी घालवलीत. यंदा तरी असं करू नका."

बापाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण त्याला सगळं समजलं. मुलीचे हात नाडीवर थांबले होते. मी बोलायला हवं होतं. मी हातातली यादी चाळू लागलो.

"हां सायेब," तो म्हणाला. "चुकला आमचा."

ते गृहस्थ गेले. मुलीने नाडी बांधली आणि बापाकडे न बघता रिंकवर गेली. त्या दिवशी तिचं चाक रेघेवर राहिलं नाही. त्यानंतर गोदाम खाली झालं तरी ती येईना. दहावीच्या अभ्यासाचं कारण होतं, पण ते कारण होतं एवढंच.

शेवटी मी गोदामावर गेलो. तो शटरला तेल घालत होता.

"मी सांगतो तिला," मी म्हणालो. "तुमचा काही दोष नव्हता म्हणून."

"काय सांगनार? मास्तर खोटा बोलला?" त्याचा हात थांबला नाही. "बापावर रागावली ती. बापावरचा राग जाईल कवातरी. तुमच्यावरचा विश्वास उडाला तं पोरगी परत चाकांवर चढंल?"

ती तशीही चढली नाही. पण त्याच्या त्या बोलण्याला मी परवानगी समजलो, आणि ती इतक्या पटकन घेतली की त्याने आणखी काही सांगायच्या आत मी गाडीला किक मारली होती. नंतर वर्षभरात मी सचिवपद सोडलं. तब्येतीचं कारण दिलं.

मागच्या महिन्यात ती माझ्या घरी आली. आता तिशी ओलांडलेली, मानकोलीलाच एका गोदामाच्या ऑफिसात आहे. एका शाळेला स्केटिंग शिकवायला कुणीतरी हवं होतं. अर्जाला जोडायला जुन्या प्रमाणपत्रांच्या प्रती हव्या होत्या. तिने आदल्या दिवशी फोन केला होता, त्यामुळे मला फाइल काढून ठेवायला वेळ मिळाला. ते परिपत्रक मी फाइलमधून काढलं. सकाळी परत लावलं. दुपारी पुन्हा काढलं. ती दारात आली तेव्हा ते फाइलमध्ये होतं.

पानं उलटताना ती हसत होती. "मास्तर, बाबाने मला जन्मात एकाच गोष्टीला नाही म्हटलं. तेही नेमकं याला."

कागद तिला सापडेल याची वाट बघत बसावं, असं मला वाटलं. तेवढंही तिच्यावरच ढकलणं झालं असतं. मी ते पान काढून तिच्यासमोर ठेवलं आणि फोनचं सांगितलं, पाच वाजेपर्यंतचं सांगितलं, बाकावरचं सांगितलं. शब्द फार लागले नाहीत. एवढं सांगायला इतकी वर्षं गेली होती.

ती ते पान वाचत राहिली. मग म्हणाली, "लग्न होऊन जाईपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही. दोन शब्द लागले तर आईकरवी सांगायचे."

मी माफी मागितली. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला, आणि माझ्यासमोरच नंबर लावला.

"बाबा, जेवलास का?" मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "न्हाय रे, काय काम न्हाय. असाच केला."

बोलता बोलता ती उठली. प्रमाणपत्रं घेतली, परिपत्रक टेबलावरच ठेवलं, आणि फोन कानाला तसाच धरून जिना उतरून गेली.