धोप्याला हात लावला की तोंड बंद

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, नवऱ्याची तिथं बदली झाली आणि त्याच्या ऑफिसला रात्र पुरेनाशी झाली. माझ्या वाट्याला बूढापारा मोहल्ल्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या आल्या. बोलायला भिंती होत्या, त्याही दुसऱ्याच्या.

घरमालकीण खाली राहायची. पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचं मराठी घर, पण सगळे हिंदीतच बोलत. ती एकटीच अधूनमधून मराठीत शिरे. तिनं कधीतरी वर यावं म्हणून मी जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसायचे. पावलं दूधवाल्याची निघत.

श्रावणात भाजीवाली 'कोचई पान' म्हणून ओरडली. पाहते तर आपला धोपा! पुण्यामुंबईकडे त्यालाच अळू म्हणतात.

धोपा कच्चा राहिला तर घसा असा खाजतो की देव आठवतो. वर्ध्याला आईची रीत ठरलेली होती. जाड शिरा सोलायच्या, हाताला तेल लावायचं, बेसनात चिंचेचा कोळ सढळ घालायचा, ते पानांना लावून उंडे वळायचे आणि चांगले वाफवायचे. पानं उकळून पाणी फेकणाऱ्या बायकांवर तिचा राग. "खाज जाते, पण पानातलं सत्त्वबी नालीत जाते," म्हणायची. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे धोप्याला हात लावला की तोंड बंद. बोललं की खाजतो.

मी शिरा सोलत असतानाच घरमालकीण दारात उभी राहिली. पहिल्यांदाच.

"काय करून राहिली वं? कोचई काय?"

मी हसले, मान हलवली.

"बेसन टाकते का दही?"

मी पुन्हा मान हलवली. दोन गोष्टी विचारल्यावर नुसत्या मानेनं काय कळणार, कपाळ!

ती चौकटीला टेकून जरा थांबली. "हव, चालू दे तुझं," म्हणाली आणि उतरली. खाली सुनेला सांगताना मला ऐकू आलं, "बहुत घमंड है. राजधानी वाले हैं ना."

वड्या उत्तम झाल्या. खाजेचं नाव नाही. ताटली घेऊन खाली गेले, तर सुनेनं ती दारातच घेतली. "मम्मी सो रही हैं." आतून मम्मींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी जिन्यात बसून रडले. त्यानंतर ती कधीच वर आली नाही.

पुढे एसटीडी बूथवरून आईला फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, बोललं की धोपा खाजतो, हे खरं आहे का?

आई हसतच सुटली. "अवं, तुम्ही पाच पोट्ट्या. दिवसभर नुसती कलकल. धोप्याच्या दिवशी घडीभर कानाले आराम भेटे, म्हणून सांगत होती मी."

मग हसणं थांबलं.

"आता घरात कोणी बोलतच नाही," ती म्हणाली. "लगेच ठेवू नको वं फोन."