भाऊजींची चेटकीण काकू

माझ्या ताईचे यजमान माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायची मला इच्छा राहील असं नाही.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे ताई गल्ला आणि फ्रेमा सांभाळते, मागच्या अरुंद खोलीत भाऊजी गिऱ्हाइकांचे नंबर तपासतात. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आणि दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की भाऊजी, शेजारची नर्स आणि माझ्याच लॅबमधला पॉलिशवाला असे तिघं माझ्या टेबलाशी खेळायला जमतात.

खेळ असा आहे. मी गोष्ट रचते: गावं, जंगलं, राक्षस, सरदार, सगळं. बाकीचे प्रत्येकी एक माणूस मनाने तयार करतात, त्याची माहिती कागदावर लिहितात आणि गोष्टीत तो माणूस होऊन बोलतात, वागतात. काही अवघड करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा सांगतो.

टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या आमच्या भाऊजींनी पहिल्याच रविवारी जो कागद आणला, त्यावर लिहिलं होतं: 'काकू. वय बहात्तर. चेटकीण. कुणाचं ऐकून घेत नाही.'

ही काकू चार वर्षं चालली. राक्षस चालून आला की बाकीचे तलवारी उपसायचे आणि काकू त्याला विचारायची, "अरे मेल्या, घरी सांगून आलायस का?" फासाही तिच्या बाजूने पडायचा. तो राक्षस खरोखर बसून आईबद्दल बोलायला लागायचा आणि मी आठवडाभर राबून आखलेली लढाई पाण्यात जायची. मी वैतागायचे. पण तेव्हाचा वैताग म्हणजे काहीच नव्हतं.

मग एका रविवारी दोरांचा पूल आला. पूल तुटत होता. बाकीचे दोघं पलीकडे जाईपर्यंत काकूने दोर धरून ठेवला. शेवटी ती स्वतः निघाली, भाऊजींनी फासा टाकला आणि एक पडला. एकापेक्षा वाईट काही पडतच नाही. काकू गेली. नर्सने डोळे पुसले. भाऊजींनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि ते घरी गेले.

मला वाटलं, झालं. पुढच्या रविवारी भाऊजी तेवीस वर्षांचा सैनिक घेऊन आले. दहा मिनिटांत समोर दरोडेखोर आला.

"तुमचा सैनिक काय करतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, 'अरे मेल्या, केवढा घाम आलाय तुला. टेक जरा.'"

"भाऊजी, हा सैनिक आहे. तेवीस वर्षांचा."

"हो ना. पण काकूच्या हाताखाली वाढलाय."

मी कपाळावर हात मारला. दोन महिन्यांत तो सैनिक मेला. मग आला एक मुका शिकारी. मुद्दाम मुका घ्या म्हणून मीच बजावलं होतं. तो खाणाखुणांनी काकूसारखं बोलायला लागला. त्यानंतर एक साधू, तो काकूचा भाचा निघाला. सांगून सांगून माझा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी. बरं, खेळापुरतं असतं तरी चाललं असतं. घरी भाजी अळणी झाली की भाऊजी म्हणायचे, "काकूने तोंडावर सांगितलं असतं." ताई एकदा फोनवर म्हणाली, "स्वतःच्या आईबद्दल हा माणूस इतका कधी बोलला नाही. तू मारलीस ना तिला? मग आता तूच निस्तर."

काकू दुकानातही शिरली होती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. एका शनिवारी मी माझ्या चष्म्याची दांडी बसवायला गेले होते. तेवढ्यात दारातून एक निवृत्त शिक्षिका आल्या. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या, ताठ कण्याच्या बाई. हातात फुलांचा गुच्छ. तो त्यांनी ताईपुढे ठेवला.

"तुमच्या काकूंचं मागे नंबर तपासताना कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. पुलावरून पडल्या म्हणे. तेही तुमच्या यजमानांच्या डोळ्यांदेखत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी फ्रेमांकडे पाहायला लागले.

"बाई, त्या तशा नव्हत्याच," ताई म्हणाली.

"नव्हत्याच म्हणजे?"

"म्हणजे... कागदावर होत्या."

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. मधेच आतून भाऊजी आले आणि गुच्छ पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की ताईने तो गुच्छ काउंटरखाली टाकला. बाईंनी भाऊजींना वर्गात उभं केल्यासारखं फैलावर घेतलं. "दोन आठवडे मला चैन नव्हतं! मी तुमच्या काकूंसाठी दोन आठवडे हळहळले!"

"मी दोन वर्षं हळहळतोय," भाऊजी म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली. मग बसल्या आणि मला म्हणाल्या, "एक सांगा. दोर धरायला दुसरं कुणीच नव्हतं का?"

पुढच्या रविवारी बाई माझ्या टेबलाशी होत्या. आयुष्यात कधी रांग न मोडलेल्या या बाईंनी टिचकी नावाची फटकळ चोरटी घेतली आणि पहिल्याच मेजवानीत राजाचे चमचे लांबवले. राजाने काय गुन्हा केला होता, देव जाणे. पण खरी आफत वेगळीच होती. भाऊजींना ताजा श्रोता मिळाला होता. आता दर दहा मिनिटांनी खेळ थांबायचा. "बाई, अशाच एका राजाकडे काकू..." की बाई पेन खाली ठेवून, "हं, मग?" मी फासा टेबलावर आपटायचे. ऐकतो कोण?

शेवटी बाईच म्हणाल्या, "एकदा आणा ना तिला परत. तुमच्याच हातात आहे सगळं."

"मेलेली माणसं परत आणायला लागले, तर मरण्याला अर्थ काय उरला?" मी म्हणाले. हे वाक्य मी दोन वर्षं घोकत होते. पण मग ताईचाही फोन आला. "आण एकदाची. निदान घरी शांतता होईल." मी हात टेकले.

तीन संध्याकाळी खपून मी तयारी केली. रविवारी गोष्टीत नदीकाठ आला, धुकं आलं आणि धुक्यातून काकूचं भूत आलं. मी खोल आवाज काढून म्हणाले, "बाळांनो, तुम्ही सुखरूप आहात हे पाहून मला समाधान वाटलं."

"काकू 'बाळांनो' म्हणायची नाही," भाऊजी म्हणाले.

"बरं. 'पोरांनो.'"

"आणि समाधान वगैरे तर नाहीच. ती आधी विचारेल, जेवलात का."

"'जेवलात का रे?'"

"इतकं गोड नाही गं. जरा खेकसून."

मी उठले. भुताची वाक्यं लिहिलेला माझा कागद त्यांच्यापुढे आदळला. "घ्या! तुमची काकू, तुमचं तोंड. तुम्हीच बोला!"

भाऊजींनी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे सरकवला.

"नको," ते म्हणाले. "तिने दोर सोडला नाही म्हणून हे दोघं पलीकडे गेले. ती परत आली, तर दोर धरण्यात काय राहिलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हेच मी दोन वर्षं कंठशोष करून सांगत होते!"

"तू नियम म्हणून सांगत होतीस."

"मग परत आण, परत आण म्हणून माझं डोकं का खाल्लंत?"

"मी कुठे म्हणालो परत आण? मी नुसती आठवण काढत होतो. ऐकणाऱ्यालाच ती मागणी वाटते, त्याला मी काय करणार?"

आठवून पाहिलं. खरंच, ते एकदाही तसं म्हणाले नव्हते. मागितलं होतं बाईंनी आणि ताईने. मी पाणी प्यायले आणि भुताला धुक्यात परत पाठवलं.

दोनेक महिन्यांनी टिचकी मेली. भिंतीवरून उडी, फासा आणि तोच तो एक. बाई "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत पिशवी उचलून निघून गेल्या. पुढच्या रविवारी वेळेवर आल्या, पण नवा कागद आणला नव्हता. पेन उघडायच्या, मिटायच्या. मी खेळ सुरू करणार, इतक्यात भाऊजींनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बाई, सांगा," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगा. कशी सुचली ती तुम्हाला?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. लहानपणी शाळेत त्यांच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती म्हणे, शिक्षा झाली तरी हसायची. भाऊजी ऐकत होते. तासभरात काकूचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. माझी लढाई, नकाशे, तीन गुहा, सगळं तसंच पडून होतं. सहाला नर्सची ड्यूटी होती, ती उठून गेली. खेळ काही झाला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी एक म्हातारा नावाडी आणला. त्याला बोलायला आवडत नाही, असं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय. अजून तरी तो गप्प आहे.