डाव्या खिशातली बटणं

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. खोलीत तीन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा, जो फक्त विभागप्रमुखांच्या डोक्यावर वारा घालतो. दारावर पाटी आहे. पाटीवर तिघांची नावं, हुद्दे आणि नावापुढे प्रत्येकाच्या संशोधनाचा विषय. तपासणी समिती आली की असलं काहीतरी दाखवावं लागतं, म्हणून ती पाटी.

विभागप्रमुखांचा विषय परकीय चलन. त्यांना सगळे डॉलरसाहेब म्हणतात. जगात कुठेही कुणाचं चलन घसरलं की यांचा चेहरा पडतो. स्वतःच्या बँकेत मात्र बायकोला पाठवतात. माझा विषय घरातलं बिनपगारी काम. त्याबद्दल घरी मी ब्र काढायची सोय नाही. सासूबाई लगेच म्हणतात, "आधी करून दाखव, मग लिही." आणि तिसरे रांगसर.

रांगसरांचा विषय होता रांग. हसू नका, मीही पहिल्या दिवशी हसले होते. माणसं रांगेत कशी उभी राहतात, कंटाळून कधी निघून जातात आणि मुख्य म्हणजे, आपल्या मागच्या माणसाला "तुम्ही जा पुढे" कधी म्हणतात, हे ते अख्खी नोकरी पाहत आले. पोस्ट, वीजबिलाची खिडकी, परवान्याचं ऑफिस, काही म्हणता काही सोडलं नाही. बाकीचे प्राध्यापक सुट्टीत गावाला जायचे, हे रांगेला जायचे.

त्यांची पद्धतही जगावेगळी. ते कधी कुणाला प्रश्न विचारत नसत आणि हातात कागद धरत नसत. "कागद दिसला की माणसं सरळ वागायला लागतात, मॅडम," म्हणायचे. त्याऐवजी पँटच्या डाव्या खिशात शर्टाची बटणं. कुणी कुणाला जागा दिली की एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी आल्यावर उजवा खिसा टेबलावर रिकामा करायचा आणि आकडा कॉम्प्युटरवर चढवायचा. बटणं वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या डब्यातली. वहिनी घरी शिवणकाम करतात, कपडे उसवून मापात बसवून देतात. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना शेवटचं बटण हटकून वेगळ्या रंगाचं असे. वहिनी म्हणायच्या, "काय करू, बाकीची संशोधनाला गेलीत."

इतकं करून सरांचा एकही पेपर कुठे छापून आलेला नव्हता. पाटीवर त्यांच्या नावाखाली 'सहयोगी प्राध्यापक' होतं आणि निवृत्ती उंबरठ्याशी आली होती. एक पेपर चांगल्या नियतकालिकात आला, तर 'सहयोगी' हा शब्द पुसला जाणार होता. पण खरं सांगते, सरांना त्या हुद्द्याचं काही नव्हतं. आपण जे पाहिलं ते खरं होतं, एवढं कुणीतरी बाहेरच्याने म्हणावं, ही त्यांची भूक होती. हुद्द्याची आस वहिनींना होती.

आणि पेपर खरंच जमला. सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीपाशी, जिथे गोळ्या फुकट मिळतात, तिथे माणसं इतर कुठल्याही रांगेपेक्षा कितीतरी जास्त वेळा जागा देतात, असं बटणं सांगत होती. सरांनी त्यावर मांडणी केली, की ज्याच्यापाशी द्यायला दुसरं काही नसतं तो आपला नंबर देतो. सुरेख होतं ते. डॉलरसाहेबसुद्धा वाचून गप्प बसले, आणि ते सहसा गप्प बसत नाहीत.

नियतकालिकाच्या परीक्षकांनीही कौतुक केलं. फक्त शेवटी एक साधी शंका विचारली होती: निरीक्षण करताना आपण कुठे उभे होता?

सर माझ्या टेबलाशी आले ते चेहरा पांढराफटक करून. "मॅडम, बाकी सगळीकडे मी बाकावर बसून पाहिलं. या खिडकीपाशी मी रांगेत होतो."

"का?"

"हिच्या गुडघ्यांच्या गोळ्या. दर आठवड्याला मीच आणतो ना. म्हटलं, उभंच राहायचंय तर मोजूनही होईल."

"आणि तुम्ही स्वतः जागा द्यायचात?"

"मला कुठे घाई असते! कुणी म्हातारं दिसलं, कुणाच्या कडेवर पोर दिसलं, की द्यायचो. पण माझी मी कधी धरली नाहीत हो. एकही बटण नाही सरकवलं माझ्या नावाचं."

मी कपाळाला हात लावला. या माणसाने रांगेतल्या एकूण एक माणसाला मोजलं होतं, स्वतःला सोडून. आणि तेच प्रामाणिकपणाचं लक्षण समजत होता! वर्षानुवर्षं एक माणूस दर आठवड्याला तिथे उभा राहून जागा देतोय म्हटल्यावर त्याचं पाहून इतरांनी दिली नसेल कशावरून? अर्थशास्त्राच्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

दुसरा कुणी असता तर परीक्षकांना काहीतरी गुळमुळीत उत्तर लिहून मोकळा झाला असता. मी तसं सुचवलंही. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या.

त्यांनी ठरवलं ते असं. हे सत्र संपेपर्यंत स्वतः त्या रांगेकडे फिरकायचं नाही. लोक आपणहून जागा देतात की आपलं पाहून, ते कळू दे. शेवटच्या आठवड्यात, म्हणजे सरांची आठवण पुसली गेल्यावर, एका माणसाने जरी जागा दिली, तरी पेपर जगेल. आकडे कमी होतील, पण जगेल. एकानेही नाही दिली, तर पेपर मागे घ्यायचा. परीक्षकांनाही तसं कळवून टाकलं.

तोवर तिथे जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बटणं दिली मोजून. बाईच्या कपड्यांना खिसे नसतात, हे संशोधनपद्धतीच्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पर्सच्या दोन कप्प्यांत भागवलं. पहिल्यांदा गेले तेव्हा लोक जागा देत होते. मी खुशीत परतले. मग कमी होत गेलं. मग एखादंच बटण. सत्र संपत आलं तेव्हा रांगेतली माणसं एकमेकांच्या पाठीला चिकटून उभी असत आणि मध्ये कुणी शिरत नाही ना, एवढंच पाहत. माझ्याने सरांना सांगवेना. पण सांगावं लागलंच.

शेवटच्या आठवड्यात सर म्हणाले, "आज मी येतो. समोरच्या चहाच्या दुकानात बसू. तिथून मी कुणाला दिसत नाही."

आम्ही बसलो. रस्ता अरुंद, पलीकडे दवाखान्याची भिंत, भिंतीला लागून लोखंडी कठडा आणि कठड्याला धरून रांग. बघते तर रांगेत वहिनी!

"सर, अहो, वहिनी!"

"हो. इतके दिवस शेजारची आणून द्यायची. ती लेकीकडे गेलीय. गोळ्या संपल्या."

"मग तुम्ही बाहेरून विकत आणायच्या!"

"मी तेच म्हणत होतो. ऐकेल तर ना. म्हणाली, मीच जाते."

वहिनी कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होत्या. दोन्ही हात कठड्यावर. रांग मुंगीच्या पावलांनी चाललेली. पुढचे मागे पाहत नव्हते, मागचे मोबाइलमधून डोकं काढत नव्हते. एकदा वहिनी खाली वाकल्या, गुडघा दाबला आणि पुन्हा उभ्या राहिल्या. पुढच्या बाईने वळून पाहिलं. सरांचा हात डाव्या खिशात गेला. बाईने तोंड फिरवलं. हात तसाच बाहेर आला.

"सर, उठा," मी म्हटलं. "जाऊन त्यांना बसवा आणि तुम्ही उभे राहा."

"मी गेलो की लोक मला ओळखतील, मॅडम. मग संपलंच सगळं."

"संपू दे की!"

ते अर्धवट उठले. टेबलाची कड धरून क्षणभर तसेच राहिले, आणि परत बसले. त्यांच्या चहावर साय धरली होती. मला त्यांचा असा संताप आला, की तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं. मीच का नाही उठले, तर मलाही तो पेपर जगायला हवा होता.

वहिनी खिडकीशी पोचल्या. पुढे कुणी उरलं नव्हतं. कंपाउंडरने हात पुढे केला. आणि वहिनी वळल्या, त्यांच्या मागे एक धट्टाकट्टा गडी मोबाइलवर बोलत उभा होता, त्याचा दंड धरून त्यांनी त्याला पुढे केलं. तो बिचारा बावचळला. आपल्याला कशात तरी अडकवताहेत असं वाटून मागे सरायला लागला. वहिनींनी त्याला अक्षरशः ढकललं. मग रस्त्यापलीकडे, थेट आमच्या दुकानाकडे पाहिलं.

गोळ्या घेऊन त्या लंगडत रस्ता ओलांडून आल्या आणि धपकन खुर्चीत बसल्या.

"पाहिलंत ना? दिली मी जागा."

"पाहिलं," सर म्हणाले.

"मग सरकवा बटण. एक पुरे म्हणाला होतात."

सरांनी मान खाली घातली. "अगं, ही धरता येत नाही."

"का म्हणून?"

"तू माझ्या घरची. घरचं माणूस धरत नाहीत."

मला वाटलं, आता वहिनी भडकणार. त्या गुडघा चोळत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी रांगेत कुणाचीच नव्हते हो. एवढा वेळ उभी होते, कुणी हिंग लावून विचारलं नाही. तुमच्या घरची असते, तर तुम्ही उठून आला असतात."

दुकानदार कप उचलायला आला होता, तो तसाच परत गेला. सरांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. वहिनींनी त्यांच्या डाव्या खिशात हात घातला, एक बटण काढलं आणि वाकून उजव्या खिशात टाकलं.

"माझ्या डब्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "चला, मला धरून न्या."

पेपर सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. परीक्षकांनी उलट कळवलं, की असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे वगैरे. त्याचं काय लोणचं घालायचं? पाटीवरचं 'सहयोगी' तसंच राहिलं. डॉलरसाहेबांनी दोन दिवस हळहळ केली, मग कुठलंसं चलन घसरलं आणि ते तिकडे वळले.

पुढच्या आठवड्यापासून सर पुन्हा त्या रांगेत. वहिनी हौसेने सोबत जातात, बाकावर बसतात. लोक परत जागा द्यायला लागलेत का, मी विचारलं नाही, आणि सर आता मोजत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेबल आवरलं. डावा खिसा घरून आणलेल्या वहिनींच्या डब्यात उलटा केला, बटणं खळखळली. मी डब्याला झाकण लावायला गेले, तर लक्षात आलं.

"सर, उजव्या खिशातलं एक राहिलं."

"राहू दे ते," सर म्हणाले, आणि खिशावर हात ठेवून जिन्याखालून बाहेर पडले.