नोटिशीचे तीस दिवस

आईचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. ती पारोळ्याला एकटीच राहायची. गुडघ्याच्या उपचारासाठी माझ्याकडे धुळ्याला आली आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांशी तिची ओळख झाली. त्यांचीही बायको वारलेली.

"सोबतीला म्हणून राहा की नुसतं. लग्न कशाला?" मी म्हटलं.

"उद्या कोणी विचारलं, या बाई कोण, तर त्यांनी काय सांगायचं?"

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं. वडिलांकडच्या कोणालाच आम्ही कळवलं नव्हतं. अर्ज घेताना कारकून म्हणाला, "नोटीस तीस दिवस फलकावर लागेल. बाई जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणून एक प्रत तिकडेही जाईल."

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, जमिनीच्या कामांसाठी जळगावच्या त्या कार्यालयात सारखे असायचे. ते हरकत घेतील, चार माणसं घेऊन येतील, आईला नको ते बोलतील. त्या महिन्यात फोन वाजला की आधी मी नाव बघायची. आई मात्र लग्नात नेसायच्या साडीला फॉल लावत बसायची. एकदा मी चिडलेच. ती म्हणाली, "मी काय चोरी केली का?" पण दोनदा सुई तिच्या बोटात गेली.

तीस दिवस संपले. कोणी आलं नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. तेवढ्यात काका जिना चढून वर आले. एकटेच होते; आजची तारीख त्यांनी कार्यालयात विचारून काढली असावी. मी उठून आईच्या पुढ्यात उभी राहिले.

"सरक," ते मला म्हणाले. मग आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, जळगावले फलकवर मी तुमनं नाव वाचं. माले सांगता नही येत व्हतं का?"

"भीती वाटली, भाऊ."

काकांनी शेजारी बसलेल्या कंडक्टरांकडे पाहिलं. "मना भाऊना फोटो भिंतवर ऱ्हावू दे. बाकी मनं काही म्हननं नही."

"राहील," आईच्या आधी कंडक्टर म्हणाले.

सह्या झाल्या. साक्षीदार आमचे तिघं आधीच ठरलेले होते. काका दाराशी उभे राहिले. जेवायला थांबले नाहीत.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काकांनी आईला बोलावणं धाडलं. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. पूर्वीच्या सासरी आपण कोणत्या नात्याने जायचं, हे आईला कळेना. तरी गेली. मी तिला बसमध्ये बसवून आले आणि ती पोहोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागलं नाही.