दादांचं दळण

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात दोघं भावंडं राहायची. धाकटी बहीण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, थोरला भाऊ, म्हणजे दादा, पुस्तकांचे बाइंडर. बहिणीला सगळी इमारत हॅलोताई म्हणायची. दार वाजलं की उघडण्याआधीच त्या आतून "हॅलो" म्हणत, आणि तेही अशा गोड, खालच्या पट्टीत की बाहेरच्या माणसाला आपण कुठलातरी नंबर मागायला आलोय असं वाटे. सारी नोकरी एक्स्चेंजच्या बोर्डासमोर गेली होती, लोकांच्या तारा एकमेकांना जोडण्यात. स्वतःचं लग्न का जुळलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणत, "अगं, माझी लाइन बिझी होती." दादांची बायको फार लवकर गेली. मागे एक मुलगी, तिला आत्यानेच वाढवलं. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि मग घरात उरले हे दोघं आणि त्यांचं भांडण.

भांडण कॉफीचं होतं.

दादा निवृत्त झाले तेव्हा बाइंडिंगच्या दुकानाच्या मालकाने त्यांना कॉफी करायचं प्रेस दिलं. एक उंच काचेचं भांडं, त्यावर झाकण, झाकणातून खाली उतरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळीची चकती. हे काय प्रकरण आहे ते दोघांनाही कळेना. हॅलोताईंनी त्यात बरेच दिवस चमचे ठेवले. भाची माहेरी आली तेव्हा तिने ते चमचे पाहिले आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली. मग तिनेच करून दाखवलं: भांड्यात कॉफीची भरड घालायची, वरून गरम पाणी ओतायचं, जरा दम धरायचा आणि दांडा दाबून भरड तळाशी ढकलायची. पुढच्या खेपेला तिने बिया दळायची छोटी हातगिरणी आणून दिली. गिरणीच्या पोटाशी एक नट होता. तो सैल केला की भरड जाड पडायची, आवळला की बारीक.

पहिले काही दिवस दोघांचे चारही हात त्या भांड्यात. दादा पाणी ओतायला जायचे, ताई म्हणायच्या उकळतंय अजून, थांब. ताई गिरणीला हात लावायच्या, दादा म्हणायचे उलटी फिरवतेस. शेवटी ताईंनी एक्स्चेंजचा कायदा घरात आणला. दुसरीच्या बोर्डाला हात लावायचा नाही. पाणी, भिजवणं आणि थांबणं हे ताईंचं खातं. बिया दळणं आणि दांडा दाबणं हे दादांचं. दाबण्याचं काम आपलंच, याबद्दल दादांना शंकाच नव्हती. जन्मभर शिकंज्यात पुस्तकं दाबली होती त्यांनी. मनगटं अशी की बरणीचं कुठलंही झाकण आमच्याकडे उघडलं नाही तर ते समोरच्या दारात जायचं.

सकाळी मी दार पुसत असले की समोरून ऐकू यायचं.

"ऑपरेटर, पाणी जोडा."

"लाइनवर राहा. उकळी बसू दे."

ताईंचं खातं बघण्यासारखं होतं. आधी त्या रिकामं भांडं कढत पाण्याने विसळून घ्यायच्या, कारण गार काचेत ओतलेली कॉफी तिथेच मान टाकते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून बुडबुडे पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. खळखळतं पाणी घातलं तर बी करपल्यासारखी कडू लागते. मग भरडीवर थोडंसंच पाणी, नुसती ओल येईल इतकं. भरड फुगायची, श्वास घेतल्यासारखी वर यायची, घरभर वास सुटायचा. ती फुगून बसली की उरलेलं पाणी कडेने, सावकाश. वर साय धरल्यासारखा जाड थर जमायचा. तो लाकडी चमच्याने हलकेच मोडायचा, फेस काढून टाकायचा. आणि दाबून झालं की कॉफी लगेच कपांत ओतायची, भांड्यात एक घोटही ठेवायचा नाही, नाहीतर खालची भरड वरच्या कॉफीला कडू करत राहते. एवढं सगळं करून शेवटी कपाच्या तळाशी बोटभर गाळ.

"तुझं दळण बारीक आहे, दादा. पीठ करून ठेवतोस."

"बारीक दळल्याशिवाय अर्क उतरत नाही. तू ढवळतेस म्हणून गाळ वर येतो."

"मी ढवळत नाही, थर मोडते."

"तेच ते."

"तेच ते कसं? उद्या नट जरा सैल करून बघ."

"खातं कोणाचं?"

मग ताई कप मांडायला लागायच्या. कायदा त्यांचाच होता. दादा उभे राहून, दोन्ही तळवे दांड्यावर ठेवून, ओठ आवळून दाबायचे. दांडा हट्टी जनावरासारखा अडायचा, इंच इंच खाली जायचा. मला कधी कप मिळाला तर मी शेवटचे दोन घोट कपात सोडून द्यायची. दादा विचारायचे, "गाळ आहे का गं?" मी कोणाची बाजू घ्यायची? म्हणायची, "गार झाली हो शेवटी." ताई माझ्याकडे अशा बघायच्या की पुढच्या वेळी कप मिळेल की नाही याची शंका यावी.

आणखी एक तंटा होता. दादा ती गिरणी धुऊ देत नसत. मऊ ब्रशने झटकायचे, झालं. ताईंचं घर म्हणजे आरसा. त्यात ही गिरणी तेलकट, काळपट, कॉफीच्या जुन्या वासाने माखलेली. "एक दिवस मी हिला साबणाच्या पाण्यात बुडवणार आहे," त्या म्हणायच्या. "मी गेल्यावर बुडव," दादा म्हणायचे. बोलायची एक रीत असते, तसं बोललेलं.

दादांना ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात नेलं तेव्हा स्वतः चालत जिना उतरले, मला म्हणाले, "हिच्या दळणाकडे बघ जरा. दळता येत नाही हिला." ते परत आले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर ताईंनी घर धुवायला काढलं. पडदे, गाद्यांच्या खोळी, फळ्यांवरचे डबे. दुःखात हात रिकामे ठेवायचे नाहीत हे बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यातच गिरणी हाती आली. त्यांनी नट काढला, आतल्या दळायच्या चकत्या सुट्या केल्या, सगळं गरम पाण्यात, साबणात, मग खिडकीत उन्हाला. संध्याकाळी मी डाळीची वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, "बघ कशी चकचकीत झाली. त्याला दाखवायला हवी होती. शिव्या घातल्या असत्या मला." आणि थोडंसं हसल्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर काहीच आवाज नाही. मी दार वाजवलं. "हॅलो" आलं नाही. दार लोटलेलंच होतं. ताई स्वयंपाकघरात गिरणी पुढ्यात घेऊन बसलेल्या, एक हात नटावर.

"किती आवळायचा असतो गं?"

"काय?"

"नट. दादाने जिथे ठेवला होता तिथेच होता इतकी वर्षं. मी काढला काल. किती फेरे होते, बघितलंच नाही. माझं खातं नाही म्हणून कधीच बघितलं नव्हतं."

मी म्हटलं, "त्यात काय ताई, थोडं मागेपुढे करून सापडेल."

मला खरंच तसं वाटलं होतं.

त्यांनी शोधायला सुरुवात केली. रोज सकाळी एक भांडं. एके दिवशी कॉफी पाणचट, आंबूस, एके दिवशी कडूजहर. ताई एक घोट घ्यायच्या, जीभ टाळ्याला लावून थांबायच्या, आणि मान हलवायच्या. भांडं मोरीत रिकामं. त्यांना चांगली कॉफी नको होती, त्यांना दादांची हवी होती, ती सकाळची, जिच्याशी त्या रोज भांडल्या होत्या. एकदा तरी ती चव तोंडात यावी, म्हणजे घर पुन्हा आपलं वाटेल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांचा चेहरा काही झाकणारा नव्हता.

बिया संपल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. दादा त्याच दुकानातून बिया आणत. दुकानदाराने हळहळ व्यक्त केली, मग ताईंनी गिरणी धुतल्याचं सांगितलं तेव्हा मान डोलावली. "बरं केलंत. जुनं तेल बसलं की खवट चव येते. आता कॉफी स्वच्छ लागेल." दुकानदार आपल्या परीने मदत करत होता. "आणि भरड जाड ठेवा," तो म्हणाला, "जाड्या मिठासारखी. जाळीच्या भांड्याला तीच लागते."

परत येताना ताई रस्त्यात थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे ती खवट चव होती," म्हणाल्या. "आणि मी साबणाने धुऊन टाकली."

मी पिशवी घेतली त्यांच्या हातातून, इतकंच.

मग भाची आली. बापाचे कपडे, चष्मे, औषधं आवरायला आलेली, आणि आत्या खाते पिते की नाही ते बघायलाही. सकाळी मला हाक मारली. टेबलाशी आम्ही दोघी बसलो, ताई ओट्याशी. त्यांनी नट बराच सैल केला होता. भरड खरंच जाड्या मिठासारखी पडली. विसळलेलं भांडं, शांत झालेलं पाणी, पहिली ओल, थांबणं, थर मोडणं, सगळं शिस्तीत. मग त्यांनी दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले, दादांसारखे, आणि जोर लावायला श्वास घेतला.

दांडा सरळ खाली गेला. ताईंचा तोल गेल्यासारखा झाला. त्यांना वाटलं जाळी निसटली. झाकण काढून बघितलं, जाळी जागेवर होती. पुन्हा वर घेऊन एका हाताने दाबलं. मग एका बोटाने. गेला.

कॉफी कपात आली तेव्हा तिचा रंग मधासारखा होता. भाचीने घोट घेतला, डोळे मिटले. "आत्या, काय झालीय गं. बाबांच्या कॉफीपेक्षा कितीतरी..." आणि तिथेच अडली. कप खाली ठेवला. तिच्या कपाच्या तळाला काहीही नव्हतं. माझ्याही.

ताईंनी स्वतःचा कप पूर्ण प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत.

"माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "दळणच बारीक होतं त्याचं. मी सांगत होते."

भाची म्हणाली, "हो आत्या."

"जिंकले की मी." त्यांनी कप बशीत उपडा घातला. "आता हे सांगू कोणाला?"

भाची उठून त्यांच्या पाठीशी उभी राहिली, खांद्यावर हनुवटी टेकून, लहानपणी उभी राहत असेल तशी. ताई पुढे बोलतच होत्या, सावकाश, फोनवर निरोप उतरवून घ्यावा तसं. "मला वाटायचं दांड्याला त्याचेच हात लागतात. आपल्याला नाही जमायचं. अगं, बारीक दळून तोच जड करायचा आणि तोच दाबायचा. मी रोज टेबलाशी बसून वाट बघायची. एका बोटाचं काम होतं."

"बाबांना ठाऊक नसणार," भाची म्हणाली.

"नसेलच. ठाऊक असतं तर मिरवलं असतं." त्या हसल्या, आणि मग ते हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे वाहायला लागले.

भाचीने सोबत चल म्हणून फार आग्रह केला. ताई नाही म्हणाल्या. ती गेली. जाताना मला जिन्यात म्हणाली, "कॉफी तरी आता छान पिते ती, एवढं समाधान." मी मान हलवली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी आमचं दार वाजलं. हॅलोताई दारात, पदराला हात पुसत. "कामात आहेस का? जरा दांडा दाबून देतेस? मला रेटवत नाही."

मी गेले. कॉफी भिजून बसली होती, थर मोडून झाला होता, लाकडी चमचा बशीत. मी दोन्ही तळवे ठेवून जोर लावला. दांडा जागचा हलेना. मी उभी राहिले, ओठ आवळले, अंग टाकलं. इंच इंच गेला. कडेने काळा गाळ वर आला. ताई टेबलाशी बसून होत्या, हात मांडीवर, माझ्या हातांकडे बघत. मी दाबून झाल्यावर त्यांनी लगेच ओतून घेतलं, दोन कप.

एक घोट घेतला. जीभ टाळ्याला लावून थांबल्या.

"आहे का?" मी विचारलं.

"गाळ आहे," त्या म्हणाल्या. "तो नाही."

पण कप त्यांनी मोरीत ओतला नाही. आम्ही दोघींनी ती कडू, दाट कॉफी प्यायली. मी या वेळी कपात काही सोडलं नाही. दातांत रेती यावी तशी भरड आली, ती गिळली.

निघताना म्हणाल्या, "उद्या येशील ना? उद्या जरा आणखी बारीक दळते."

गिरणी ओट्यावरच होती. नट शेवटपर्यंत आवळलेला होता. त्याच्याही पुढे आवळला असता तर चकत्या एकमेकींना घासल्या असत्या आणि गिरणी फिरलीच नसती. हे मला दिसत होतं. त्यांनी तर स्वतःच आवळला होता.

"येते," मी म्हटलं. "पाणी तेवढं तापवून ठेवा."